महाधमनीचे अस्तर

30 सप्टेंबर 2024 रोजी अभिनेते रजनीकांत चेन्नईच्या अपोलो रुग्णालयात दाखल झाले. दुसऱ्या दिवशी रुग्णालयाने छोटे निवेदन काढले. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा आला होता, छाती न उघडता नळीवाटे आत स्टेंट बसवून तो बंद केला, असा त्याचा आशय होता. बंगळूरच्या मराठी कुटुंबात शिवाजीराव गायकवाड म्हणून जन्मलेले रजनीकांत तेव्हा 73 वर्षांचे होते. आठवडा उलटण्याआधी ते घरी परतले.

स्टेंट म्हटले की आपल्याला हृदयविकाराचा झटका आठवतो. हा स्टेंट त्या जातीचा नव्हे. हृदयाच्या धमन्या जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या असतात, त्या चरबीने तुंबतात आणि तिथला स्टेंट वाट मोकळी करतो. महाधमनीचे दुखणे बहुतेकदा उलटे असते. ती फुगते, तिची भिंत विरत जाते आणि एक दिवस फुटते. तिथे बसवायचा स्टेंट कापडाने मढवलेला असतो. जीर्ण कोटाला आतून नवे अस्तर लावावे, तसे हे कापड विरलेल्या भिंतीच्या आत उभे राहते. रक्त अस्तरातून वाहते आणि मूळ भिंतीवरचा दाब उतरतो. वैद्यकात याला स्टेंट-ग्राफ्ट म्हणतात. गेल्या पस्तीस वर्षांत या अस्तराने महाधमनीच्या उपचारांचा चेहरा पार बदलला. त्याने काय दिले, काय दिले नाही, आणि त्याची किंमत रुग्ण पुढे किती वर्षे फेडत राहतो, याचा हा आढावा आहे.

आधी महाधमनीचा रस्ता पाहू. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघून ती वर चढते, गळ्याखाली कमान घेते, मेंदूला आणि हातांना फांद्या देते. मग कण्याला लागून छातीतून खाली उतरते, श्वासपटल ओलांडून पोटात शिरते, यकृत, आतडी आणि मूत्रपिंडे यांना रक्त देत देत बेंबीच्या पातळीवर दोन पायांसाठी दुभंगते. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त या वाटेने जाते. छातीत तिची रुंदी अडीच-तीन सेंटिमीटर, पोटात दोनच्या आसपास. दिवसाला लाखभर ठोक्यांचा मारा ती झेलते, कारण तिच्या मधल्या थरात लवचीक तंतू असतात. वय, तंबाखू, वाढलेले बीपी आणि काही घराण्यांत आनुवंशिक दोष यांमुळे ते तंतू झिजतात. मग भिंत ताणली जाते आणि परत मूळपदावर येत नाही.

पोटातली महाधमनी तीन सेंटिमीटरच्या पुढे गेली की तिला फुगवटा म्हणायचे. यातली वाईट गोष्ट भौतिकशास्त्राची आहे. नळी जितकी रुंद, तितका त्याच दाबाखाली तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. म्हणजे फुगवटा वाढतो म्हणून ताण वाढतो आणि ताण वाढतो म्हणून फुगवटा वाढतो. या सगळ्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. फार तर बारीक अंगाच्या माणसाला आडवे पडल्यावर पोटावर हात ठेवला की बेंबीच्या वर काहीतरी उडताना लागते. फुटला की मात्र पाठीत किंवा कुशीत भयंकर कळ येते आणि अनेकदा पहिले निदान मुतखड्याचे होते. फुटलेल्या फुगवट्याचे दहापैकी सात-आठ रुग्ण दगावतात आणि त्यांतले बरेच रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावर खरा उपाय नव्हता. डिसेंबर 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात शल्यविशारद रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे पोट उघडले तेव्हा आत मोठा फुगवटा सापडला. तो कापून काढण्याचे तंत्र अस्तित्वात नव्हते. निसेन यांनी त्याच्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. कागदामुळे आजूबाजूला व्रण धरून भिंत घट्ट होईल ही कल्पना होती. त्यावर आइन्स्टाइन सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल 1955 मध्ये फुगवटा फुटला तेव्हा नवी शस्त्रक्रिया उपलब्ध झाली होती, पण त्यांनी ती नाकारली.

ती नवी शस्त्रक्रिया पॅरिसमध्ये जन्मली होती. मार्च 1951 मध्ये शार्ल द्युबोस्त यांनी पोटातला फुगवटा काढून त्याजागी मृत दात्याची धमनी शिवली. दात्याच्या धमन्या पुढे कुजत आणि अपुऱ्या पडत, म्हणून कापडाचा शोध सुरू झाला. अमेरिकेत आर्थर व्हॉरहीस यांनी विन्यॉन-एन नावाचे कापड वापरून पाहिले. ह्यूस्टनमध्ये मायकेल डिबेकी यांनी बायकोच्या शिलाई मशीनवर डेक्रॉनच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन टिकले आणि आजही टिकून आहे. पण ही नळी बसवायची म्हणजे छातीच्या हाडापासून ओटीपोटापर्यंत चीर, आतडी बाजूला, महाधमनीला चिमटा, तेवढा वेळ पायांचा रक्तपुरवठा बंद. तरणाबांड माणूस हे सोसतो. फुगवटा मात्र सत्तरी गाठलेल्या, फुप्फुसे धुराने गेलेल्या, हृदय आधीच थकलेल्या माणसाला होतो. ज्याला शस्त्रक्रियेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती झेपत नाही, या अडचणीत जगभरचे शल्यविशारद चार दशके अडकून होते.

रक्तवाहिनीच्या आतून जाऊन काम करण्याची कल्पना त्यातून उगवली. तिचे तुकडे वेगवेगळ्या माणसांच्या हाती होते. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये सुईतून तार आणि तारेवरून नळी घालण्याची पद्धत दिली. आजही कॅथलॅबमधले प्रत्येक काम तिथून सुरू होते. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये चार्ल्स डॉटर यांनी 1964 मध्ये पायाची तुंबलेली धमनी आतून रुंद केली. मग 1987 मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात निकोलाय व्होलोदोस यांनी जखमेमुळे छातीतल्या महाधमनीला आलेल्या फुगवट्यात आतून कापडी स्टेंट बसवला. अहवाल रशियन भाषेत छापला गेला आणि पश्चिमेच्या वैद्यकाने त्याची दखल फार उशिरा घेतली. आजही अनेक ठिकाणी या उपचाराचा इतिहास अर्जेंटिनापासून सुरू होतो. माझ्या मते तो खारकीव्हपासून सुरू व्हायला हवा.

अर्जेंटिनाचा वाटाही मोठा आहे. ब्युनोस आयर्समध्ये हुआन परोदी यांनी सप्टेंबर 1990 मध्ये हुलिओ पाल्माझ यांच्या सोबतीने पोटातल्या फुगवट्यावर हा प्रयोग केला. रुग्ण असा होता की फुप्फुसांच्या आजारामुळे उघडी शस्त्रक्रिया त्याला पेलली नसती. डेक्रॉनची नळी, तिच्या टोकाशी पाल्माझ यांचा फुग्याने उघडणारा स्टेंट, आणि जांघेतली वाट. पुढच्या वर्षी त्यांनी पाच रुग्णांचा अनुभव छापला आणि जग जागे झाले. 1994 मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांनी छातीतल्या महाधमनीच्या तेरा रुग्णांचा अनुभव मांडला. 1999 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने पोटाच्या स्टेंट-ग्राफ्टना परवानगी दिली, 2005 मध्ये छातीच्या.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? सगळ्यांत महत्त्वाचा भाग टेबलावर होत नाही, तो आधी संगणकासमोर होतो. सीटी अँजिओमध्ये एकेक मिलिमीटर मोजतात. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली आणि फुगवट्याच्या वर निरोगी धमनीचा जो तुकडा उरतो, त्याला डॉक्टर मान म्हणतात. अस्तर तिथे चिकटून बसते. मान दहा-पंधरा मिलिमीटर तरी लांब हवी, फार रुंद नको, फार वाकडी नको. मानेपेक्षा दहा ते वीस टक्के मोठा ग्राफ्ट निवडतात, म्हणजे तो भिंतीला दाबून राहतो. जांघेतल्या धमनीतून तार वर चढते. तारेवरून सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या म्यानात घडी केलेला ग्राफ्ट वर जातो. एक्स-रेच्या पडद्यावर मूत्रपिंडाच्या धमन्यांची तोंडे पाहून म्यान मागे ओढले की निटिनॉल या धातूचा सांगाडा शरीराच्या उबेत आपोआप उघडतो. पोटातला ग्राफ्ट विजारीच्या आकाराचा असतो. एक पाय अंगाला जोडलेला, दुसरा दुसऱ्या जांघेतून आणून आत जोडायचा. निवडलेल्या रुग्णांत जांघा बधिर करूनही हे काम होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण चालत घरी जातो. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने लागतात.

हा फरक डोळ्यांना दिसतो, पण वैद्यकाने त्यावर भागवले नाही, हे चांगले झाले. ब्रिटनमध्ये 1999 ते 2004 या काळात 1252 रुग्णांना चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने दोन गटांत वाटले. एका गटाला उघडी शस्त्रक्रिया, दुसऱ्याला स्टेंट-ग्राफ्ट. या चाचणीचे नाव ईव्हार-1. पहिल्या तीस दिवसांत उघड्या शस्त्रक्रियेच्या गटातले 4.3 टक्के रुग्ण दगावले, स्टेंट-ग्राफ्टच्या गटातले 1.8 टक्के. नेदरलँड्समधल्या ड्रीम चाचणीतही तसेच आढळले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत 881 जणांवर झालेल्या चाचणीत हे आकडे 3 आणि 0.5 टक्के होते. देश वेगळे, रुग्णालये वेगळी, कल एकच.

इथे थांबलो तर वाचकाची फसवणूक होईल. ईव्हार-1 च्या रुग्णांचा पंधरा वर्षे पाठपुरावा झाला आणि 2016 मध्ये निकाल छापून आला. सुरुवातीचा फायदा काही वर्षांत ओसरला होता. आठ वर्षांनंतर तर पारडे फिरले होते. स्टेंट-ग्राफ्ट बसवलेल्यांत मृत्यू जास्त होऊ लागले आणि त्यामागचे एक ठळक कारण होते अस्तर असूनही फुगवटा फुटणे. अमेरिकी चाचणीत मात्र दीर्घकाळाने दोन्ही गट बरोबरीत राहिले. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर एवढे नक्की म्हणता येते की आतून केलेली दुरुस्ती पहिल्या महिन्यात जीव वाचवते, आणि तो वाचलेला जीव पुढे राखायचा असेल तर रुग्णाला आयुष्यभर नजरेखाली ठेवावे लागते. उघड्या शस्त्रक्रियेत शिवलेली नळी बहुतेकदा माणसाबरोबर शेवटपर्यंत राहते. आतले अस्तर शिवलेले नसते, ते दाबावर टिकलेले असते. मान वर्षानुवर्षे रुंदावत गेली तर अस्तर सुटते, सरकते, सांध्यातून निसटते.

याचे पहिले लक्षण गळती. अस्तर आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे रक्त जायला नको तिथे ते जात राहते. टोकाशी पकड सुटून होणारी गळती पहिल्या जातीची, कापडाला भोक पडून किंवा जोड निसटून होणारी तिसऱ्या जातीची. या दोन्हींत पूर्ण दाबाचे रक्त फुगवट्यात शिरते, त्यामुळे त्यांवर लगेच उपाय करावा लागतो. सर्वांत अधिक आढळते ती दुसऱ्या जातीची. फुगवट्यातून निघणाऱ्या बारीक फांद्यांमधून रक्त उलटे आत येते. त्यातल्या कितीतरी गळत्या आपोआप बंद होतात, बाकीच्यांत फुगवटा वाढतो का एवढे पाहत राहायचे. म्हणून पहिल्या महिन्यात सीटी, वर्षाने पुन्हा, आणि पुढे दरवर्षी निदान सोनोग्राफी, असा क्रम असतो. यातले काहीही दुखत नाही, आणि नेमक्या याच कारणाने लोक तपासणी सोडून देतात.

मग तरुण, धडधाकट रुग्णाने काय निवडावे? ब्रिटनच्या नाइस या मार्गदर्शक संस्थेने 2018 मध्ये मसुदा काढला तेव्हा न फुटलेल्या फुगवट्यासाठी स्टेंट-ग्राफ्ट जवळजवळ बाद केला होता. जगभर वादळ उठले. 2020 मधल्या अंतिम मजकुरात भाषा मवाळ झाली, पण ज्याला उघडी शस्त्रक्रिया पेलते त्याला ती सुचवावी हा गाभा कायम राहिला. युरोपातल्या रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेचा कल वेगळा आहे. शरीररचना अनुकूल असेल तर आधी आतून दुरुस्ती, पुढे आयुष्य भरपूर शिल्लक असेल तर उघडी. मला ही दुसरी भूमिका अधिक रास्त वाटते. साठीतल्या, दम न लागणाऱ्या, वीस वर्षे जगण्याची आशा असलेल्या माणसाला केवळ चीर लहान म्हणून स्टेंट-ग्राफ्ट देणे योग्य नाही. पंचाहत्तरीच्या, हृदयाचे बायपास झालेल्या माणसाचे पोट उघडणेही योग्य नाही. आणि काहींच्या बाबतीत काहीही न करणे हाच उपचार असतो. ईव्हार-2 या चाचणीत अतिशय अशक्त रुग्णांना स्टेंट-ग्राफ्ट बसवून एकंदर आयुर्मान वाढले नाही, कारण ते इतर आजारांनी जात होते.

लहान फुगवट्यांबद्दलही हेच. 4 ते 5.5 सेंटिमीटरच्या फुगवट्यांवर लगेच शस्त्रक्रिया करावी की लक्ष ठेवावे, यावर ब्रिटनमध्ये 1090 रुग्णांची चाचणी झाली. 1998 च्या तिच्या निष्कर्षानुसार घाई करून जगण्यात वाढ झाली नाही. तेव्हापासून पुरुषांत 5.5 आणि स्त्रियांत 5 सेंटिमीटर ही उंबरठ्याची रेषा धरली जाते. पाहणीच्या वेळी 'चार सेंटिमीटर' ऐकून घाबरलेल्या कुटुंबाला कुणी लगेच स्टेंट सुचवला तर दुसरे मत घ्यावे.

फुटलेल्या फुगवट्यात आतली वाट खरोखर वाचवते का? इम्प्रूव्ह चाचणीत 613 रुग्ण होते. तीस दिवसांत मृत्यू 35.4 आणि 37.4 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. तीन वर्षांनी मात्र स्टेंट-ग्राफ्टच्या धोरणातले 48 टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेतले 56 टक्के दगावलेले होते. जे फक्त बधिर करून आतून दुरुस्त झाले, त्यांचे निकाल अधिक चांगले आले. इथे वेळ आणि सज्जता यांवर सगळे अवलंबून असते. ग्राफ्ट कपाटात, चमू रात्री दोनला हजर, सीटी वीस मिनिटांत, असे रुग्णालय असेल तरच.

छातीत वर चढलो की गणित बदलते. तिथली उघडी शस्त्रक्रिया म्हणजे फासळ्या उघडणे, एक फुप्फुस मिटवणे, बहुधा हृदय-फुप्फुस यंत्र. खाली उतरणाऱ्या महाधमनीसाठी आज स्टेंट-ग्राफ्ट ही पहिली पसंती आहे आणि त्याबद्दल फारसा वाद उरलेला नाही. रस्त्यावरच्या अपघातांत तर याने चमत्कार वाटावा इतका फरक पाडला. वेगातली गाडी धाडकन थांबते तेव्हा कमानीच्या पुढे, डाव्या हाताच्या धमनीपाशी महाधमनी फाटते, कारण तिथे ती जन्मापूर्वीच्या एका धाग्याने जखडलेली असते आणि बाकीची झोका घेते. अशा रुग्णाची कवटी, यकृत, मांडीचे हाड हे सगळे मोडलेले असते. त्याची छाती उघडणे म्हणजे दुसरा अपघात. आतून अर्ध्या-एका तासात फाटलेली जागा झाकता येते. व्होलोदोस यांचा पहिला रुग्णही अपघाती जखमेचाच होता.

महाधमनीचा दुसरा मोठा आजार म्हणजे डिसेक्शन. आतल्या थराला चीर पडते, रक्त थरांच्या मध्ये घुसते आणि भिंत लांबच लांब उलगडत जाते, एकाच्या दोन वाटा होतात. रुग्ण सांगतो, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी फाटल्यासारखी कळ आली. ईसीजी निर्मळ निघतो, किंवा झटका समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली जातात आणि तीच घात करतात. दोन हातांचे बीपी वेगळे लागले तर संशय घ्यावा. 1760 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज अचानक गेला तेव्हा शवविच्छेदनात डॉ. फ्रँक निकल्स यांना हृदयाच्या पिशवीत साकळलेले रक्त आणि महाधमनीची चीर दिसली. या आजाराची ती पहिली चोख नोंद मानतात.

चीर चढत्या भागात असेल तर आजही छाती उघडावीच लागते, आणि तेही तातडीने. दर तासाला एक-दोन टक्के रुग्ण हातचे जातात. याचे विलक्षण उदाहरण खुद्द डिबेकी यांचे. या आजाराचे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे वर्गीकरण जगभर वापरले जाते. 2005 च्या शेवटच्या दिवशी, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांच्याच महाधमनीला चीर पडली. निदान त्यांनी स्वतः ओळखले. आधी शस्त्रक्रिया नको म्हणाले, फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्याच तालमीतल्या शल्यविशारदांनी ती केली, आणि ते 2008 पर्यंत जगले. चढत्या महाधमनीत आतले अस्तर अजून सर्रास बसत नाही. तिथे एका बाजूला हृदयाची झडप आणि हृदयाच्या धमन्यांची तोंडे, दुसऱ्या बाजूला मेंदूच्या फांद्या, आणि प्रत्येक ठोक्याला ही नळी हलते, पिळते.

चीर खालच्या भागात असेल तर पहिला उपचार औषधांचा. बीपी 120 च्या खाली, नाडी 60 च्या आसपास, वेदना शांत. आतडी, मूत्रपिंड किंवा पायाचे रक्त तुटले, किंवा फुटण्याची चिन्हे दिसली, तर चिरेचे तोंड स्टेंट-ग्राफ्टने झाकतात. मग खोट्या वाटेतले रक्त थिजते आणि खरी वाट पुन्हा उघडते. गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत आधीच अस्तर घालावे का, हा आजचा जिवंत वाद आहे. इन्स्टेड चाचणीत 140 रुग्ण होते. दोन वर्षांत फायदा दिसला नाही, पण पाच वर्षांनी महाधमनीमुळे झालेले मृत्यू केवळ औषधांच्या गटात 19.3, तर अस्तराच्या गटात 6.9 टक्के होते. रुग्ण थोडे, फरक मोठा. सरसकट नव्हे, पण चीर मोठी आणि महाधमनी आधीच रुंदावलेली असेल तर काही आठवड्यांनी अस्तर घालण्याकडे अनेकांचा कल आहे, आणि तो मला पटतो.

सर्वांत अवघड भाग कमान आणि पोटातल्या फांद्या. फांदीच्या तोंडावर कापड आले की तो अवयव मेला. यावर उत्तर म्हणून ग्राफ्टलाच खिडक्या ठेवतात आणि प्रत्येक खिडकीतून त्या त्या धमनीत छोटा कापडी स्टेंट उतरवतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या डॉक्टरांनी हे तंत्र घडवले, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या टिमथी च्युटर यांनी खिडक्यांऐवजी बाह्या शिवलेले ग्राफ्ट आणले. रुग्णाच्या मापाचा असा ग्राफ्ट बनून यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर थांबता येत नसेल तर शल्यविशारद साधा ग्राफ्ट टेबलावरच उघडतात, मोजून भोके पाडतात आणि परत म्यानात भरतात. हे काम हात बसलेल्या माणसाचेच. शिवाय छातीतली महाधमनी लांबवर झाकली की मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या फांद्या बंद होतात आणि रुग्ण कमरेखाली लुळा होऊन जागा होऊ शकतो. म्हणून काम टप्प्याटप्प्याने करतात, बीपी मुद्दाम वर ठेवतात, गरज पडली तर पाठीतून मज्जाद्रव काढतात. 'फक्त जांघेला दोन टोचे' असे ऐकवले जाते, तेव्हा ही जोखीमही त्याच श्वासात सांगितली गेली पाहिजे.

आपल्याकडचे चित्र पाश्चात्त्य पुस्तकांपेक्षा वेगळे आहे. आपल्या दवाखान्यांत महाधमनीचे दुखणे घेऊन विशी-तिशीतल्या बायकाही येतात. जपानच्या ताकायासू यांनी 1908 मध्ये नोंदवलेला हा आजार आशियात आणि भारतात अधिक दिसतो. महाधमनीच्या भिंतीला दाह होतो, ती जाड होते, आकसते, हाताची नाडीच लागत नाही. इथे आतून फुगा घालून वाट रुंद करतात, लागल्यास स्टेंट ठेवतात. मात्र दाह धगधगत असताना हात घातला तर वाट पुन्हा मिटते. आधी औषधांनी तो विझवायचा, मग कॅथलॅब. क्षयामुळे आणि इतर जंतूंमुळे येणारे फुगवटेही आपल्याकडे दिसतात. संसर्ग झालेल्या जागी परके कापड ठेवणे म्हणजे जंतूंना आसरा देणे, पण रक्त वाहत असेल तर जीव वाचवायला तेही करावे लागते, पुढे दीर्घ प्रतिजैविके देऊन.

किमतीचा प्रश्न टाळून चालणार नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला. ती मर्यादा हृदयाच्या स्टेंटपुरती होती. महाधमनीच्या ग्राफ्टची किंमत लाखांत असते, खिडक्यांचा असेल तर आणखी वर. त्यानंतरच्या प्रत्येक सीटीचा खर्च वेगळा, आणि तो कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही. शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाला जिल्ह्याच्या गावी दरवर्षी सीटी करायला जाणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचे भाडेही. जो रुग्ण पुन्हा येणारच नाही असे डॉक्टरला दिसते, त्याच्यासाठी उघडी शस्त्रक्रिया जास्त सुरक्षित ठरू शकते. हा विचार पाश्चात्त्य मार्गदर्शिकेत ठळक नसतो, आपल्याकडे तो निर्णयाच्या पहिल्या ओळीत हवा. पण उघडी शस्त्रक्रिया कमी होत चालल्याने नव्या पिढीचा तो हात सुटत चालला आहे, आणि याची काळजी आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आज घेतली नाही तर उद्या गळक्या अस्तरांची दुरुस्ती करायला माणसे उरणार नाहीत.

इतक्या खर्चाच्या, इतक्या कौशल्याच्या उपचारासमोर एक स्वस्त गोष्ट उभी आहे, पोटाची साधी सोनोग्राफी. ब्रिटनमध्ये 65 ते 74 वयाच्या 67 हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत एकदाच तपासणीला बोलावल्याने फुगवट्याने होणारे मृत्यू चार वर्षांत 42 टक्क्यांनी घटले. त्यानंतर इंग्लंडने 65 वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला ही तपासणी देण्याची व्यवस्था केली. भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. पण सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे, आणि पित्ताशय किंवा प्रोस्टेट पाहताना महाधमनीची रुंदी मोजायला दोन मिनिटे पुरतात.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. घरात 65 ओलांडलेले कुणी असतील आणि त्यांनी कधीकाळी बिडी-सिगारेट ओढली असेल, किंवा वडील-भाऊ अशा फुटलेल्या फुगवट्याने गेले असतील, तर पुढच्या सोनोग्राफीला डॉक्टरांना सांगून महाधमनीचे माप लिहून घ्या. आणि ज्यांच्या पोटात किंवा छातीत आधीच अस्तर बसले आहे, त्यांची पुढच्या तपासणीची तारीख आजच कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.